पाटीवरचा कायदा

गेल्या महिन्यांत सुटीसाठीं आलेल्या नातवास घेऊन मी एका प्राणिसंग्रहालयांत गेलों होतों. बिबळ्याच्या आवाराबाहेर गर्दी होती. बिबळ्या मात्र झुडपाच्या सावलींत निजलेला. एक सुशिक्षित दिसणारे गृहस्थ मुलास खांद्यावर घेऊन उभे होते. मुलास जनावर नीट दिसेना, तेव्हां त्यांनीं एक खडा उचलून आंत भिरकाविला. बिबळ्या दचकून उठला, मुलगा हंसला, आणि आणखी चौघांनीं खडे उचलले. माझ्या नातवानें शेजारची पाटी मोठ्यानें वाचली. प्राण्यांना चिडविणें अथवा खावयास घालणें हा दंडनीय अपराध आहे, असें तींत लिहिलें होतें. मग तो मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही त्यांना कां नाहीं सांगितलंत?" सारें आयुष्य वर्गांत शिस्त राखण्यांत गेलें, पण मला उत्तर सुचलें नाहीं.

ती पाटी म्हणजे नुसती विनंति नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९९१ सालीं प्राणिसंग्रहालयांसंबंधीं स्वतंत्र प्रकरण घालण्यांत आलें. त्यान्वयें १९९२ सालीं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालें. त्याच्या मान्यतेवांचून कोणासहि प्राणिसंग्रहालय चालवितां येत नाहीं. प्रेक्षकानें प्राण्यास चिडविणें, इजा करणें, खाऊं घालणें किंवा गोंगाटानें त्रास देणें, यास ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्या दुरुस्तीनें सांगितली. आठवड्यांतून निदान एक दिवस संग्रहालय प्रेक्षकांस बंद ठेवावें, असाहि नियम आहे. मुंबईची राणीची बाग बुधवारीं बंद असते. पाठशाळेंत जसा अनध्याय, तसाच हा मुक्या जीवांचा अनध्याय होय.

याहून जुना कायदा १९६० चा, प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा. जेथें पुरेशी हालचाल करितां येत नाहीं अशा पिंजऱ्यांत प्राण्यास कोंडणें हा त्यान्वयें अपराध ठरतो. परंतु पहिल्या अपराधास दंड किती? १० ते ५० रुपये! एवढ्यांत आज दोघांचा चहाफराळहि होत नाहीं. तीच ती वाट तुडवीत येरझारा घालणारा वाघ, अथवा एकसारखी मान हालविणारें अस्वल पाहून आपणांस तो त्याचा खेळ वाटतो. प्राणिशास्त्रज्ञ मात्र त्यास कोंडमाऱ्याचें लक्षण मानितात.

तथापि कायद्याची अंमलबजावणी होतच नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९९८ सालीं सरकारनें अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांचे खेळ करण्यास बंदी केली. सर्कसवाले न्यायालयांत गेले. २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती बंदी उचलून धरिली. पण पिंजऱ्यांत वाढलेला वाघ रानांत सोडला तर त्यास शिकार साधत नाहीं. म्हणून तिरुपती, विशाखापट्टणम्, बन्नरघट्टा इत्यादि ठिकाणीं या प्राण्यांकरितां आश्रयस्थानें उभारण्यांत आलीं. निषेधास व्यवस्थेची जोड मिळाली, म्हणूनच तो कायदा कागदावर राहिला नाहीं. आमच्या लहानपणीं वाघसिंहांवांचून सर्कशीची कल्पनाच करवत नसे. माझ्या नातवानें तो खेळ पाहिलेलाच नाहीं.

आतां आपल्या घरांकडे वळूं. गोग्रास, काकबळी हे आपल्याकडचे जुने संस्कार. भुकेल्या जीवास घांस देणें हें पुण्य, ही भावना घेऊनच आपण हरणापुढें वेफर्स टाकितों. परंतु भूतयज्ञ म्हणजे आपल्या ताटांतला वांटा दुसऱ्या जीवास देणें. आपल्या करमणुकीसाठीं त्याची झोंप मोडणें नव्हे. संग्रहालयांतील प्राण्याचा आहार पशुवैद्याच्या सल्ल्यानें ठरलेला असतो. वरचा घांस, आणि त्याबरोबर आंत गेलेली प्लॅस्टिकची पिशवी, त्याच्या जिवावर बेतूं शकते. तेथें हात आवरणें हीच दया.

हें पाहणें रखवालदाराचें काम, असें कोणी म्हणेल. खरें आहे, पण रविवारच्या गर्दींत त्याचे दोन डोळे कोठें कोठें पुरणार? १९७६ सालीं राज्यघटनेंत नागरिकांचीं मूलभूत कर्तव्यें नमूद झालीं; सजीव प्राण्यांविषयीं दयाभाव बाळगणें हें त्यांपैकींच एक. तें जसें खडा मारणाऱ्या गृहस्थांचें, तसेंच पाहत उभ्या राहिलेल्या माझेंहि होतें.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति कीं, मुलांस प्राणी दाखविण्यापूर्वीं ती पाटी दाखवावी, खाण्याचे जिन्नस पिशवींतच ठेवावे, आणि कोणी आगळीक करीत असल्यास प्रथम सौम्य शब्दांनीं सांगावें. न ऐकल्यास रखवालदारास बोलवावें. घरीं आल्यावर मीं संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांस पत्र धाडलें आहे. पण त्या वेळीं जो शब्द बोलावयास हवा होता, त्याची भरपाई पत्रानें होत नाहीं. नातू पुढच्या सुटींत पुन्हां येणार आहे, आणि त्याच बागेंत जावयाचें म्हणतो. त्याच्या प्रश्नाचें उत्तर मला तेथेंच द्यावें लागेल.