गायीचा माज कळतो, मग कुत्रीचा का नाही?



गाय माजावर आली की आपल्याला लगेच समजतं. हंबरते, सोट टाकते, दुसऱ्या गायीवर उडते. लगेच डॉक्टरांना फोन जातो. पण त्याच गोठ्याची राखण करणारी कुत्री माजावर आलीय हे आपल्याला दारात सात-आठ कुत्रे जमल्यावर कळतं. मग नऊ आठवड्यांनी पिल्लं, आणि काही जण ती गोणीत भरून रात्री काटई-कर्जत रस्त्याला सोडून येतात. माझं मत स्पष्ट आहे: भटक्या कुत्र्यांवरून पालिकेला बोलण्याआधी आपल्या अंगणातली कुत्री बघा.

गायीचा हिशोब इथे चालत नाही. गाय दर 21 दिवसांनी माजावर येते आणि तो माज दिवसभरात उतरतो. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी येते, पण माज जवळजवळ तीन आठवडे चालतो. पहिला माज सहाव्या महिन्यापासून वर्षभरात कधीही येतो.

पहिले आठ-दहा दिवस: निरण सुजते, रक्ताचे थेंब पडतात, सारखी चाटते, जागोजागी थोडं थोडं मुतते. कुत्रे मागे लागतात, पण ती अंगाला लावून घेत नाही, गुरगुरते. काही कुत्र्या चाटून इतक्या साफ ठेवतात की रक्त दिसतच नाही. बसायला पांढरं फडकं टाका, डाग दिसेल.

पुढचे आठ-दहा दिवस: रक्त कमी होऊन पाणचट, फिकट होतं. शेपटी एका बाजूला घेऊन उभी राहते.

घोळ इथेच होतो. गायीला रक्त माज उतरल्यावर दिसतं, म्हणून "रक्त थांबलं, सुटलो" असं म्हणून लोक कुत्रीला मोकळी सोडतात. कुत्रीचं उलटं आहे. रक्त फिकं पडलं की खरे गाभण राहायचे दिवस सुरू होतात. पहिल्या थेंबापासून पूर्ण तीन आठवडे ती बंद खोलीत हवी. पडवीत साखळीला बांधून भागत नाही, कुत्रे तिथे येतातच. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आता एकमेकांना चिकटलीत, बिल्डिंगी बांधाला लागल्यात. वासावर कुठून कुठून कुत्रे येतात, आपसात भांडतात, मधे गेलेल्या पोराला चावतात. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या. जोडी अडकली असेल तर दगड मारू नका, ओढू नका. दोघांनाही इजा होते, आपोआप सुटतात.

माज थांबवायचं इंजेक्शन मला पटत नाही. त्याने पिशवीत पू होण्याचा धोका वाढतो. माज गेल्यावर महिना-दोन महिन्यांत कुत्री फार पाणी पिते, खात नाही, घाण स्राव येतो असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, जीवावरचं दुखणं आहे ते.

पिल्लं नको असतील तर ऑपरेशन हाच इलाज. माजात रक्तस्राव जास्त होतो, म्हणून माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी करा. 2023 च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी स्थानिक संस्थेकडे आहे, पण पाळलेल्याची जबाबदारी मालकाची.

गाय दूध देते म्हणून तिच्याकडे लक्ष. कुत्री रात्रभर जागते, तिच्यासाठी वर्षातून दोनदा कॅलेंडरवर खूण करायला काय जातं?