पडद्यावरचा न्याय

सन १९९९ मधील ‘द जनरल्स डॉटर’ हा चित्रपट अमेरिकन प्रेक्षकांनी उचलून धरला. समीक्षकांनी मात्र त्याला झोडपले. स्त्रीच्या विवस्त्र देहावर कॅमेरा ज्या लोचटपणे रेंगाळतो, तो पाहता हा रोष रास्तच होय. परंतु वाद तेवढ्यावर मिटवणे सेनाधिकाऱ्यांच्या पथ्यावर पडणारे आहे. लष्करी अकादमीची अब्रू राखण्यासाठी सेनापती पोटच्या मुलीवरील सामूहिक बलात्कार दडपतो, हे कथानक अतिरंजित मानणाऱ्यांनी १९९१ चे लास व्हेगास आठवावे. तेथे नौदल वैमानिकांच्या मेळाव्यात ८३ स्त्रिया व ७ पुरुषांवर लैंगिक हल्ले झाल्याचे सरकारी चौकशीतच निष्पन्न झाले. पडद्यावरच्या सेनापतीस लष्करी न्यायालय दोषी ठरवते. लास व्हेगास प्रकरणी त्या न्यायालयाने एकाही अधिकाऱ्यास दोषी ठरवले नाही!