मुव्हमेंट ऑर्डर आधी, पिट्ठू नंतर



दिवाळी झाली की गावाकडच्या पोरांचे फोन सुरू होतात. डोंगरात एक रात्र एकट्यानं काढायची आहे, काय काय घेऊ? यंदा पुण्याच्या भाच्यानं तर यादीच पाठवली. नोव्हेंबरच्या शेवटी तो इकडे पिथौरागडला येणार आणि वरच्या एखाद्या गावाजवळ तंबू लावून एकटाच राहणार. यादीत एकतीस वस्तू. चाकू दोन, वीस मीटर दोरी, एक छोटी कुऱ्हाड, गाण्यांचा स्पीकर. तो कुठे आहे हे कोणाला ठाऊक असेल, याबद्दल मात्र एक ओळ नाही.

एकट्यानं जाऊ नकोस असं मी त्याला म्हणालो नाही. बावीस वर्षं बरॅकमध्ये तीस जणांच्या घोरण्यात झोपल्यावर एकांताची किंमत मला चांगली कळते. पण फौज कोणाला एकटं पाठवत नाही, हेही तितकंच खरं. पाणी आणायला जायचं तरी बडी सोबत असतो. बडी म्हणजे नुसती सोबत नव्हे. तुमच्या नाकाचा शेंडा पांढरा पडला तर तो तुमच्याआधी त्याला दिसतो. तुम्ही झोपता तेव्हा तो जागा असतो. तुम्ही परत आला नाहीत तर ओरडणारा पहिला माणूस तोच. एकट्यानं जायचं म्हणजे ही सगळी कामं दुसऱ्या कोणावर किंवा कशावर तरी सोपवायची. पॅकिंगचा खरा विचार इथून सुरू होतो. बहुतेक पोरं तो बॅगेच्या दुकानातून सुरू करतात.

आपल्याकडे सुट्टीवर निघाला, कोर्सला निघाला, तरी जवानाच्या खिशात कागद असतो. कुठून निघाला, कुठे जाणार, कधी हजर होणार. त्या दिवशी पोहोचला नाही तर पलीकडचा क्लार्क विचारतो, माणूस कुठे आहे? कॅम्पिंगला निघणाऱ्यानंही स्वतःची अशी मुव्हमेंट ऑर्डर लिहावी. कुठलं गाव, गावाच्या कुठल्या अंगाला, तंबूचा रंग, कुठल्या वाटेनं वर आणि कुठल्या वाटेनं खाली. दुसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन येईल आणि नाही आला तर किती वाजता काय करायचं. एक प्रत घरी, दुसरी गावातल्या शेवटच्या घरात.

भाचा म्हणाला, "मामा, लाइव्ह लोकेशन लावतो की." अरे बाबा, एक धार ओलांडली की नेटवर्क जातं. मग घरच्यांना दिसतो तो तू शेवटचा जिथे सापडला होतास तो ठिपका. तू आत्ता कुठे आहेस ते त्यात नसतं.

घरची प्रत कोणाकडे द्यायची हाही विचार हवा. आईला सांगावंच, पण संध्याकाळी सातलाच तिचा जीव वर-खाली होणार. वेळ येईपर्यंत थांबेल आणि वेळ झाली की हलेल असा मित्र पाहावा. त्याच्या कागदावर इथल्या पोलिस ठाण्याचा नंबरही हवा, कारण पुण्यातून ११२ फिरवला की तो महाराष्ट्राच्या कंट्रोल रूमला लागतो. तिथून पिथौरागडपर्यंत निरोप येण्यात वेळ जाणार. त्यापेक्षा थेट नंबर बरा.

शेवटच्या घराचं महत्त्व तर याहून मोठं. कुमाऊंमध्ये पुष्कळ गावांना वन पंचायत आहे. गावचं जंगल गावच सांभाळतं, १९३१ पासून तसा कायदा आहे. सरपंचाला विचारल्याशिवाय तिथे तंबू ठोकू नये. ही परवानगी तर आहेच, पण तेवढीच नाही. गुलदार, म्हणजे आपला बिबट्या, हल्ली कुठल्या वाटेनं उतरतो हे कुठलंही ॲप सांगणार नाही, ती म्हातारी माणसं सांगतात. ती "आज नको" म्हणाली तर पिट्ठू त्यांच्या अंगणात उतरवायचा आणि चहा मागायचा. आणखी वर बुग्यालात, म्हणजे गवताळ पठारांवर, राहायची स्वप्नं पाहू नका. तिथं रात्री मुक्काम करायला नैनीतालच्या हायकोर्टानं २०१८ मध्येच मनाई केली आहे.

आता पिट्ठू. इथे माझं आपल्या माजी सैनिक मंडळींशी भांडण आहे. पोरानं विचारलं की आपण सुरू करतो, "आम्ही पंचवीस किलो घेऊन चाललो, तुम्हाला काय झालं?" साहेब, त्या पंचवीस किलोत ॲम्युनिशन होतं, सेक्शनचं सामान होतं, आणि ते आपण हौसेनं उचललं नव्हतं. एका रात्रीसाठी हौशी माणसाला पाण्यासकट नऊ-दहा किलो पुष्कळ झाले. जास्त वजन म्हणजे दमलेले पाय, आणि उतारावर पाय मुरगळतो तो दमलेलाच. एकट्या माणसाचा मुरगळलेला पाय ही लहान गोष्ट नाही.

वजन कुठे कापायचं? झोपेत अजिबात नाही. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. बाजारात स्वेटर घालून फिरलात म्हणून वर तेवढ्यावर भागेल असं समजू नये. पोरं जाड स्लीपिंग बॅग घेतात आणि खाली पातळ चादर टाकतात. अंगाखाली बॅगेतली पिसं दबली की त्यांची ऊब संपते, मग जमीन रात्रभर उष्णता ओढत राहते. म्हणून आधी कॅरीमॅट, मग बॅग. पैसे कमी असतील तर दोन साध्या मॅट एकावर एक. रात्रीचा कोरडा जोड वेगळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. आतले कपडे, लोकरी मोजे, टोपी. कितीही मोह झाला तरी तो चालताना घालायचा नाही. घामानं भिजलेला सुती बनियन अंगावर ठेवून झोपणं म्हणजे थंडीला आवतण. आणि तंबू नाल्याच्या तळाशी लावू नये, थंड हवा जड असते, ती तिथेच साचते.

स्टोव्ह मी यादीतून काढला. रेल्वेत गॅसचा डबा नेता येत नाही आणि एका रात्रीसाठी त्याची गरजही नाही. वारा सुटला की माणूस स्टोव्ह तंबूत ओढतो आणि दार लावून घेतो. बंद तंबूत बुखारी किंवा सिगडी जळत ठेवून झोपू नये हे आपल्याला रिक्रूट असल्यापासून का बजावतात, ते वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक आहे. त्या वायूला वास नसतो, आणि एकट्या माणसाला बाहेर ओढणारा कोणी नसतो. शेकोटीही नको. चीडाच्या सुया, इथे पिरुल म्हणतात, ठिणगीला वाटच पाहत असतात. जून २०२४ मध्ये बिनसरच्या वणव्यात वनखात्याची माणसं जळून गेली, ते अजून इथे कोणी विसरलेलं नाही. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, आणि गस्तीवर नेतो तसे शकरपारे. गावातून थर्मास भरून चहा. झालं जेवण.

पाणी तीन लिटर, म्हणजे तीन किलो. वाटेत नौला लागेल, पण क्लोरीनच्या गोळ्या जवळ हव्यात. डोक्याला बांधायचा टॉर्च, जादा सेल. मोबाईल रात्री बॅगेत पोटाशी, थंडीत बॅटरी बसते. दोन चाकूंतला एक परत कपाटात, कुऱ्हाड आणि स्पीकरही. त्यांच्या जागी दहा ग्रॅमची शिट्टी, गळ्यात, पिट्ठूच्या तळाशी नव्हे. एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. माणसाचा घसा अर्ध्या तासात बसतो. शिट्टीला ती अडचण नाही.

बडीचं एक काम मात्र कुठलीही वस्तू करत नाही. "बस झालं, आता वळू" हे म्हणण्याचं. आणखी थोडं वर छान जागा असेल, असं एकट्या माणसाला नेहमीच वाटतं. नोव्हेंबरअखेर इथे सूर्य सव्वापाचच्या आतच मावळतो, पुण्यापेक्षा जवळपास पाऊण तास आधी. हात पुण्याच्या घड्याळाला सरावलेले असतात आणि तंबूची दोरी अंधारात बांधायची वेळ येते. म्हणून परत फिरण्याची वेळ गावात बसूनच, चहा पिता पिता, डोकं शांत असताना ठरवावी आणि त्या दोन्ही कागदांवर लिहावी. साडेतीनपर्यंत जागा मिळाली नाही तर खाली, शेवटच्या घरात मुक्काम. शेवटच्या घरातल्या माणसालाही ती वेळ तोंडी सांगावी. मग तो साडेचारच्या सुमारास एकदा वाटेकडे बघतो.

जय हिंद.