कबर खोदणारे हात

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. 2 नोव्हेंबर रोजी आपण दफनभूमीत जातो, कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. त्या कबरी ज्यांनी खोदल्या त्यांची आठवण मात्र आपल्याला क्वचितच होते.

राहात्याच्या परिसरात कबर खोदणे सोपे नाही. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि पाच फूट खोल खड्डा म्हणजे 75 घनफूट माती, वजनाने सुमारे साडेतीन टन. येथील काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी कडक होते व भेगाळते, पावसाळ्यात तिच्या कडा ढासळतात आणि तळाशी पाणी साचते. मुरूम लागला की पहारीवाचून काम पुढे सरकत नाही. दफनविधीची वेळ ठरलेली असते, म्हणून काही तासांतच सारे उरकावे लागते.

हे काम भाऊबंद आणि शेजारची तरुण मंडळी न सांगता करीत आली आहेत. आता तरुण नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईकडे गेले आहेत. अनेक ठिकाणी मजूर शोधावा लागतो, नाहीतर जेसीबी बोलवावा लागतो. यंत्राला आमचा विरोध नाही, पण जुन्या कबरींच्या दाटीत यंत्राला हात आवरता येत नाही.

दफनाच्या जागेचा प्रश्न देशभर गाजतो आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 22 मे 2020 रोजी, कोविडच्या काळात, सन्मानपूर्वक दफन हा राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील हक्काचा भाग मानला. जानेवारी 2025 मध्ये छत्तीसगडमधील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे शव गावातील विरोधामुळे सुमारे तीन आठवडे शवागारात पडून राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही, आणि अखेर 20 ते 25 किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. अशा अन्यायाविरुद्ध आपण बोललेच पाहिजे. परंतु शासनाकडून आपण जागा मागू शकतो, हात मागू शकत नाही. कबरीचा हक्क न्यायालय देईल, कबर खोदण्याचे कर्तव्य आपलेच राहील.

या कामाला कमी लेखणाऱ्यांनी आपला इतिहास पाहावा. इ.स. 303 मध्ये उत्तर आफ्रिकेतील सिर्ता येथे छळकाळात जी नोंद झाली, तिच्यात महागुरू, धर्मगुरू व डीकन यांच्याबरोबरच कबर खोदणाऱ्यांचाही उल्लेख आहे. तोबीताने राजाचा रोष पत्करून आपल्या बांधवांचे दफन केले. मृतांना मूठमाती देणे हे शारीरिक दयेच्या सात कृत्यांपैकी एक आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांवर गावकीत मृत्यूची वार्ता परगावी पोहोचविण्याचे आणि मेलेली जनावरे ओढण्याचे काम जन्माने लादलेले होते. ही वतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली. ती सक्ती गेली हे फार चांगले झाले. पण तिच्या कटू आठवणीपोटी आपण आज कुदळीला हात लावण्याची लाज बाळगू लागलो, आणि ते काम आपल्याहून गरिबाच्या माथी मारू लागलो, तर जुनीच उतरंड आपण नव्याने रचू. सक्तीने केलेली सेवा गुलामी असते, प्रेमाने केलेली तीच सेवा दया ठरते.

म्हणून आमची धर्मग्रामांना नम्र सूचना आहे. प्रत्येक वस्तीतील पाच-सहा जणांनी ही जबाबदारी आळीपाळीने घ्यावी. टिकाव, पहार, फावडी व घमेली चर्चच्या आवारात तयार ठेवावीत. दफनभूमीचा नकाशा करावा, म्हणजे जुन्या कबरीला धक्का लागणार नाही. मजूर लावलाच तर त्याला घासाघीस न करता पुरी मजुरी द्यावी आणि दफनानंतर आपल्याच पंगतीत जेवायला बसवावे.

पुनरुत्थानावर आपली श्रद्धा आहे. ज्या देहाला प्रभू पुन्हा उठविणार आहे, त्याच्यासाठी जागा करणारे हात धन्य होत. यंदा मृतांसाठी प्रार्थना करताना त्या हातांसाठीही एक प्रार्थना करू या.