बाटलीवरचे अक्षर वाचा

पावसाळा लागला की अमरावती-अकोल्याच्या वस्त्या-वस्त्यांत लेकरे तापाने फणफणतात. दिवसभर निंदणाला गेलेली माय रात्री मेडिकलसमोर उभी राहते आणि म्हणते, 'भाऊ, पोराले ताप हाय, कडक औषध द्या.' एक बाटली पुढे सरकते. तिच्यात काय आहे आणि किती आहे, हे तिला कोणी सांगत नाही. तीही विचारत नाही, कारण विचारणे हा आपला हक्क आहे हेच तिला कोणी कळू दिलेले नाही. आमचा आजचा सवाल या बाटलीबद्दल आहे.

ताप उतरवणारे औषध रोग बरा करीत नाही. मलेरिया, डेंग्यू, न्यूमोनिया आपल्या जागी राहतात. फक्त अंग निवते, लेकरू थोडे पाणी पिते, झोपते. म्हणून कोणते औषध झपाट्याने ताप पाडते हे पाहून चालणार नाही. कोणते औषध लेकराला कमी अपाय करते, हीच खरी कसोटी.

या कसोटीवर पॅरासिटामॉल पहिले ठरते. ते जुने आहे, स्वस्त आहे, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. लेकराच्या वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि दिवसातून चार वेळांपेक्षा जास्त नाही, हा त्याचा नियम. नियम मोडला तर हेच औषध यकृत निकामी करू शकते.

आयबुप्रोफेनही ताप उतरवते आणि सहा ते आठ तास टिकते. पण डेंग्यूत ते रक्तस्रावाचा धोका वाढवते आणि अंगातले पाणी आटलेले असेल तर मूत्रपिंडाला मारते. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो, पावसाळ्यात डेंग्यू येतो. अशा मुलखात ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. मेफेनॅमिक ॲसिड त्याच जातकुळीतले. ॲस्पिरिन तर मुलांच्या तापात नकोच; त्याने यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा रे सिंड्रोम होऊ शकतो.

आणि निमेसुलाइड? ताप पटकन पाडते म्हणून ते आपल्याकडे वर्षानुवर्षे लेकरांना पाजले गेले. यकृताच्या धोक्यामुळे फिनलंड आणि स्पेनने ते २००२ मध्ये थांबवले. आपल्या सरकारने १२ वर्षांखालील मुलांसाठी ते बंद केले २०११ मध्ये. मधल्या नऊ वर्षांत कोणाची लेकरे ते पीत होती? 'कडक औषध' मागणाऱ्यांचीच ना?

औषध योग्य असले तरी मात्रा चुकते. पॅरासिटामॉलचे एक सिरप पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचे, दुसरे २५० चे. थेंबांच्या छोट्या बाटलीत मात्र एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. दहा किलोच्या लेकराला पहिल्या सिरपचे पाच मिलिलिटर ठीक. तेवढेच थेंब पाजले तर पोटात ५०० मिलिग्रॅम गेले, म्हणजे चौपट! त्यात सर्दीचे सिरप वेगळे दिले आणि त्यातही पॅरासिटामॉल असले, तर भर पडलीच.

अशाच एका सर्दीच्या सिरपने २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक लेकरांचा जीव घेतला. मूत्रपिंडे निकामी झालेली कितीतरी लेकरे नागपूरच्या दवाखान्यांत आणली गेली. कोल्ड्रिफ नावाच्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघाले. मर्यादा आहे ०.१ टक्का. हे विष महाराष्ट्राला नवे नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने व्यवस्थेची लक्तरे वेशीवर टांगली. चाळीस वर्षांनंतरही बाटली बाजारात आधी येते आणि तपासणी लेकरे मेल्यावर होते. याला अपघात म्हणायचे की गरिबाच्या लेकराच्या जिवाची ठरलेली किंमत?

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्यघटनेच्या कलम ४७ ने शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. मग मेळघाटातल्या धारणीपासून अकोल्याच्या पातूरपर्यंत प्रत्येक केंद्रात तपासलेले पॅरासिटामॉल सिरप बारा महिने असलेच पाहिजे. अन्न व औषध प्रशासनाने दुकानांतले नमुने आधी तपासावेत, पंचनामे नंतर करू नयेत.

शासन जागे होईपर्यंत आपण झोपायचे काय? वस्तीतल्या विहारात, वाचनालयात एक वजनकाटा ठेवा. शिकलेल्या पोरीने शेजारच्या मायला बाटलीवरचे अक्षर वाचून दाखवावे: औषध कोणते, पाच मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम, मुदत कधीपर्यंत. मोजायला बाटलीसोबतचेच माप घ्यावे, घरचा चमचा नको. बिल मागावे. तीन महिन्यांखालचे लेकरू तापले, झटका आला, लेकरू पाणी पीत नसेल, लघवी थांबली किंवा धाप लागली, तर औषधाच्या तुलनेत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा. अंगारा नको, डागणे नको.

आणि मेडिकलवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, 'भाऊ, यात काय हाय?' तो चिडला तरी विचारावा. उत्तर मिळाल्याशिवाय बाटली उचलू नये.