आधी शब्दसूची की आधी संहिता?



चॉसरची ‘कँटरबरी टेल्स’ मुळातून वाचण्याचे ठरवणारा विद्यार्थी बहुधा प्रथम अपरिचित शब्दांची लांबलचक यादी पाठ करावयास बसतो. दिवसाचे काम आटोपून मिळणारा तास-दीड तास त्या यादीतच खर्ची पडतो आणि संहिता उघडण्यापूर्वीच उत्साह मावळतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पूर्वतयारी हवीच, पण ती अपरिचित शब्दांची नव्हे, तर परिचित भासणाऱ्या शब्दांची.

अपरिचित शब्द वाचकाला अडवतो. तो थांबतो, पृष्ठाच्या तळाशी दिलेला अर्थ पाहतो आणि पुढे जातो. परिचित भासणारा शब्द मात्र अडवतच नाही. चॉसरच्या काळी ‘नाइस’ म्हणजे मूर्ख. ‘स्टार्व’चे जुने रूप ‘मरणे’ या अर्थी येते. त्यात भुकेचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. ‘मीट’ म्हणजे कोणतेही अन्न, ‘फाउल’ म्हणजे कोणताही पक्षी. ‘क्लर्क’ हा शब्द तर विशेष विचार करण्याजोगा आहे. त्या काळी लेखन-वाचन प्रामुख्याने धर्मसंस्थेच्या हाती होते. त्यामुळे धर्मसेवक, विद्वान आणि विद्यार्थी या तिघांनाही हा शब्द लागू पडे. चॉसरचा ऑक्सफर्डचा क्लर्क भारी वस्त्रांपेक्षा उशाशी वीस ग्रंथ असणे पसंत करतो. आपल्या कचेरीतला ‘क्लार्क’ डोळ्यांसमोर ठेवून ते व्यक्तिचित्र वाचले, तर त्यातले सारे मर्म हरवते, आणि हरवले हे कळतही नाही!

दुसरा गट लहानसहान शब्दांचा. ‘हेम’ म्हणजे ‘त्यांना’. ‘हिर’ म्हणजे कधी ‘तिचा’, तर कधी ‘त्यांचा’. ‘स्विच’ म्हणजे ‘असा’. आणि ‘बट’चा अर्थ पुष्कळदा ‘जर… नाही तर’ असा होतो. वाक्याची बांधणी यांच्यावरच उभी असते. केनेथ सिसम यांनी चौदाव्या शतकातील पद्य-गद्याचे संकलन १९२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी जे. आर. आर. टॉल्किन यांनी तयार केलेला शब्दकोश १९२२ मध्ये निघाला. (होय, हेच पुढे कादंबरीकार म्हणून जगप्रसिद्ध झाले.) त्यात त्यांनी दुर्मिळ शब्दांपेक्षा नित्याच्या शब्दांना आणि वाक्प्रयोगांना मुद्दाम अधिक जागा दिली. ही दृष्टी मला आजही योग्य वाटते.

मराठीच्या विद्यार्थ्याला हा अनुभव नवा नाही. ज्ञानेश्वरी वाचताना ‘आघवे’ किंवा ‘येर’ हे शब्द दोन-चार ओव्यांत अंगवळणी पडतात. फसवतो तो ‘कां’. अनेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘किंवा’ असा असतो. तेथे प्रश्न आहे असे समजणाऱ्याला दृष्टान्तांची मालिका उलगडत नाही.

माझ्या मताला एक मोठा अपवाद आहे. ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ हे काव्यही चौदाव्या शतकातलेच. परंतु त्याची बोली वायव्य मिडलंड्सची आहे. चॉसरच्या लंडनी बोलीचे प्रमाण इंग्रजीशी जवळचे नाते आहे, तसे या बोलीचे नाही. शिवाय अनुप्रासावर आधारलेल्या या रचनेला एकाच अर्थाचे अनेक शब्द लागतात आणि त्यांपैकी कित्येक स्कँडिनेव्हियन मूळचे आहेत. येथे शब्दांची तयारी न करता उतरणे म्हणजे वेळेचा अपव्यय. तरीही संपूर्ण काव्याची यादी घेऊ नये. एका खंडाचे आधुनिक भाषांतर वाचावे, त्या खंडापुरते शब्द पाहावेत आणि मग मूळ वाचावे.

चॉसरसाठी एवढाही खटाटोप नको. त्याची प्रस्तावना ८५८ ओळींची आहे. एका बैठकीत एकच यात्रेकरू घ्यावा. आरंभ क्लर्कपासूनच करावा. ते चित्र जेमतेम दोन डझन ओळींचे आहे. प्रथम अर्थ न पाहता मोठ्याने वाचावे, नंतर तळटिपा पाहाव्यात आणि आपल्याला येतात असे वाटलेले, पण टिपेने खोटे ठरवलेले शब्द तेवढे वहीत उतरवावेत.