मुद्दाम नाही केलं. बरं, मग?

लोक शनिवारी सकाळी क्रिकेटची स्कोअरकार्डं वाचतात. मी घोडागाड्यांच्या शर्यतीतल्या शिस्तभंगाच्या सुनावण्यांचे निकाल वाचतो. हसू नका. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं ख्राइस्टचर्चला काढली, तिथे अ‍ॅडिंग्टनच्या ट्रॅकवर जायचं वेड लागलं. पुण्याला परत आल्यावर ट्रॅक सुटला, पण निकाल वाचायची सवय काही सुटली नाही.

परवा एका जुन्या मित्राला हा छंद सांगितला. त्याचं म्हणणं: "अरे, पण त्या माणसाने मुद्दाम थोडंच केलं? चुकून घोडा इकडचा तिकडे झाला, त्यात काय एवढं? आणि त्यासाठी सुनावणी, बंदी, नावानिशी निकाल? जरा अतीच आहे हे."

"मुद्दाम थोडंच केलं" हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. आपल्याकडे ते सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली आहे. गल्लीत उलट्या दिशेने येऊन स्कूटरला धडकणारा हेच म्हणतो, प्रॉडक्शन सर्व्हर पाडणाराही हेच म्हणतो, आणि ऐकणारा लगेच विरघळतो. म्हणून आज त्या सुनावण्यांची बाजू घ्यायची आहे. अगदी ठणकावून.

आधी थोडी पार्श्वभूमी. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जॉकी घोड्याच्या पाठीवर असतो. हार्नेस रेसिंगमध्ये तो मागे, दोन चाकांच्या हलक्या गाडीत बसतो. गाडीला म्हणतात सल्की आणि बसणाऱ्याला ड्रायव्हर. घोड्याने चौखूर उधळायचं नाही, ठरलेल्या चालीतच पळायचं. एक प्रकार ट्रॉटिंग, म्हणजे आपली दुडकी चाल, समोरासमोरच्या कोनातले पाय एकत्र पडतात. दुसरा पेसिंग, त्यात एकाच बाजूचे दोन पाय एकत्र. चाल मोडली तर ड्रायव्हरने घोडा आवरून पुन्हा चालीवर आणायचा, मग शर्यत गेली तरी चालेल.

आता जरा आकडेमोड (सवय जात नाही :-)). मैलाला १ मिनिट ५५ सेकंद हा काही जगावेगळा वेग नाही. म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर, ताशी ५० किलोमीटर. ड्रायव्हर बसलेला जमिनीपासून जेमतेम दोन-अडीच फुटांवर, पाय पसरून. त्याच्या पाठीला लागून मागच्या घोड्याचं नाक, आणि त्या घोड्याचं वजन चारशे किलोच्या आसपास. अशा दहा-बारा गाड्या एका झुंडीत, चाकाला चाक लावून वळण घेतात.

समजा शेवटचे ६०० मीटर राहिलेत. तुम्ही आतल्या कडेला अडकलाय, समोरचा घोडा दमलाय. बाहेर पडायला फट पाहिजे. शेजारचा घोडा तुमच्या चाकाच्या मागे आहे की बरोबरीला, हे मान वळवून बघायला अर्धा सेकंद लागतो. तुम्ही बघत नाही, लगाम खेचता. तुमचं चाक शेजारच्या घोड्याच्या पायांपुढे येतं. नशीब चांगलं असेल तर त्याची फक्त चाल मोडते आणि त्याच्या मालकाचे पैसे बुडतात. नशीब वाईट असेल तर चाकात चाक अडकतं, घोडा पडतो, ड्रायव्हर फेकला जातो आणि मागून येणाऱ्यांना थांबायला जागाच नसते. सेकंदाला १४ मीटर लक्षात आहे ना?

तुम्ही हे मुद्दाम केलं का? अजिबात नाही. तुम्हाला फक्त जिंकायचं होतं. आणि नेमक्या याच गोष्टीसाठी 'केअरलेस ड्रायव्हिंग' हा वेगळा आरोप असतो. न्यूझीलंडच्या हार्नेस नियमांत ८६९ क्रमांकाचा नियम आहे, त्यात निष्काळजी हाकणं वेगळं आणि बेदरकार हाकणं वेगळं. मुद्दाम केलं असतं तर आरोप दुसरा लागला असता. त्यामुळे निष्काळजीपणाच्या आरोपाला "मुद्दाम नाही केलं" हे उत्तरच होत नाही. ते तर दोघांनाही मान्य असतं, तिथूनच चर्चा सुरू होते.

आता सुनावणी कशी चालते ते बघा, कारण माझा खरा जीव तिच्यात अडकलाय. शर्यत संपते. स्टुअर्ड लोकांनी वरून पाहिलेलं असतं, शिवाय वेगवेगळ्या कोनांतून फिल्म असते: समोरून, बाजूने, मागून. गडबड दिसली की ड्रायव्हरला बोलावतात. आरोप नोंदवतात, नियम वाचून दाखवतात, समजला का विचारतात, मान्य आहे का विचारतात. मान्य नसेल तर फिल्म लावतात. स्टुअर्ड आपलं म्हणणं मांडतो, ड्रायव्हर आपलं. ज्युनियर ड्रायव्हर असेल तर अनेकदा एखादा अनुभवी माणूस त्याच्या बाजूने बोलायला सोबत असतो. निर्णय देते वेगळी समिती. बरेचदा हे सगळं त्याच दिवशी, ट्रॅकवरच उरकतं. नंतर लेखी निकाल येतो: आरोप काय, कबुली की नकार, पुरावा काय, कारणं काय, शिक्षेबद्दल दोन्ही बाजूंचं म्हणणं काय, शिक्षा किती. १ जुलै २०२१ पासून हे काम रेसिंग इंटिग्रिटी बोर्डाकडे आहे आणि निकाल कुणालाही वाचता येतात. पुण्यात बसून मीही वाचतो.

शेजारच्या ऑस्ट्रेलियात आरोप ठेवणारे, ऐकणारे आणि शिक्षा देणारे बहुधा स्टुअर्डच असतात, वेगळ्या माणसासमोर जायचं तर अपील करावं लागतं. मला न्यूझीलंडची पद्धत जास्त पटते. ज्याने बोट दाखवलं त्यानेच निवाडा करायचा, हे कितीही सज्जन माणूस असला तरी बरं नव्हे.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला: "अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यायचा असतो हो, नंतर स्लो मोशनमध्ये बघून शहाणपणा शिकवणं सोपं आहे." ऐकायला बिनतोड. पण समिती असं विचारतच नाही की हा माणूस परिपूर्ण होता का. ती विचारते, त्याच प्रसंगात, तेवढ्याच वेळात, एखाद्या बऱ्यापैकी ड्रायव्हरने काय केलं असतं? घोडा अचानक स्वतःहून आत ओढायला लागला आणि ड्रायव्हर उलट बाजूचा लगाम खेचताना फिल्ममध्ये दिसला, तर त्याची बाजू भक्कम होते. आरोप फेटाळलेही जातात. म्हणजे ड्रायव्हरला वाचवणारीही तीच स्लो मोशन. शिवाय अर्ध्या सेकंदात निर्णय घेणं हेच तर त्याचं लायसन्सधारी काम आहे.

दुसरा: "कुणी पडलं नाही ना? मग सोडा की." हा तर आपला राष्ट्रीय युक्तिवाद आहे. काही झालं नाही ना? जाऊ दे! पण न बघता वळणारा ड्रायव्हर, घोडा पडला त्या दिवशीही तेवढाच निष्काळजी होता आणि नाही पडला त्या दिवशीही. फरक फक्त मागच्या घोड्याच्या नशिबात. आरोप दोन्ही दिवशी ठेवता येतो, हे मला या पद्धतीत सगळ्यात आवडतं. शिक्षा ठरवताना परिणाम धरला जातो, त्याबरोबर निष्काळजीपणा किती खोल होता, आधीचं रेकॉर्ड कसं आहे, कबुली लवकर दिली का, हेही धरतात. माझ्या हातात असतं तर परिणामाचं वजन आणखी कमी केलं असतं. पडला नाही म्हणून सुटलेला माणूस पुढच्या शर्यतीत पुन्हा तेच करणार.

तिसरा आक्षेप आमच्या धंद्यातून येतो. सॉफ्टवेअरमध्ये सध्या 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम'चं फार कौतुक आहे. बिघाड झाला की माणसाला दोष द्यायचा नाही, सिस्टीममध्ये दोष शोधायचा. तत्त्व चांगलं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. मी आधी एका कंपनीत होतो (नाव सांगत नाही, विचारू नका). शुक्रवारी संध्याकाळी एक स्क्रिप्ट चुकीच्या मशीनवर चालली आणि काही तास ग्राहकांची पेमेंट बंद. मीटिंग झाली. रोलबॅकची सोय नसताना ज्या साहेबांनी सही केली, त्यांच्या बाबतीत "सिस्टीमचा दोष" असं ठरलं. स्क्रिप्ट चालवणारा मुलगा कॉन्ट्रॅक्टवर होता. सोमवारी त्याचं कार्ड गेटवर चाललं नाही. त्याला आरोप सांगितला नाही, लॉग दाखवले नाहीत, "तुझ्या स्क्रीनवर काय दिसत होतं" एवढंही कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की टेस्टिंगच्या आणि खऱ्या मशीनचा प्रॉम्प्ट अगदी सारखा दिसायचा. दोन महिन्यांनी तोच घोळ दुसऱ्याच्या हातून झाला.

म्हणजे वरच्याला माफी, खालच्याला नारळ, आणि कारण कागदावर कुठेच नाही. सुनावणी टाळली म्हणून दयाळूपणा झाला असं समजू नका. तिथे शिक्षा झालीच, फक्त अंधारात झाली. अ‍ॅडिंग्टनला एखादा नवखा ड्रायव्हर चुकला तर त्याला निदान फिल्म बघायला मिळते, "माझा घोडा आत ओढत होता" म्हणायची संधी मिळते, आणि काही दिवसांची बंदी संपली की तो परत गाडीत बसतो. आमचा तो मुलगा परत बसला नाही.

आता आपले रस्ते. पोलिसांच्या फिर्यादीतली भाषा सगळ्यांना पाठ आहे: "हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने वाहन चालवून". हयगय! केअरलेससाठी इतका नेमका मराठी शब्द आपल्याकडे आहे आणि तो फक्त कुणी मेल्यावर बाहेर काढतात. जुन्या दंडसंहितेच्या ३०४-अ कलमात हयगयीने मृत्यू घडवल्यास जास्तीत जास्त २ वर्षांची कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६व्या कलमाने ती ५ वर्षांपर्यंत नेली. आकडा वाढवायला काय लागतं? मेल्यानंतरची शिक्षा वाढली, पण मरायच्या आधी जी शंभर वेळा हयगय होते तिचं काय?

गंमत म्हणजे कायद्यात त्याचीही सोय आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १९ काढून बघा. ज्याच्या आधीच्या चालवण्यावरून तो लोकांना धोकादायक दिसतो, त्याला म्हणणं मांडायची संधी देऊन, कारणं नोंदवून, लायसन्स काही काळ काढून घ्यायचा अधिकार लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. म्हणजे हुबेहूब अ‍ॅडिंग्टनची सुनावणी! आता प्रामाणिकपणे सांगा, तुमच्या ओळखीतल्या एका तरी माणसाला "तू गाडी नीट चालवत नाहीस, येऊन तुझी बाजू मांड" असं आरटीओने बोलावलेलं तुम्ही ऐकलंय? मी नाही ऐकलं.

फौजदारी खटला आणि शर्यतीची सुनावणी एक नव्हे, हे मला कळतं. एकात तुरुंग असतो, दुसरीत लायसन्स. शर्यतीच्या सुनावणीत पुरावाही "बहुधा असंच घडलं" एवढा पुरतो. पण म्हणूनच ती झटपट होते आणि शिक्षा मोजकी राहते. मोजकी शिक्षा लगेच मिळाली तर माणूस सुधारतो. भली मोठी शिक्षा दहा वर्षांनी मिळणार असेल, तर तो वकील शोधतो.

त्या व्यवस्थेत सगळं छान आहे असं मात्र नाही. माझी तक्रार दंडाबद्दल आहे. शिक्षा म्हणून बंदी देता येते किंवा पैशांचा दंड. बंदी मोजायची पद्धत हुशार आहे: किती शर्यतींना मुकायचं ते ठरवतात आणि तो ड्रायव्हर एरवी किती वेळा गाडीत बसतो त्यावरून दिवस काढतात. रोज आठ शर्यती हाकणारा आणि आठवड्याला दोन हाकणारा यांना सारखाच चटका बसतो. दंडाचं तसं नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी अ‍ॅडिंग्टनला न्यूझीलंड ट्रॉटिंग कप असतो, १९०४ पासूनची मानाची शर्यत. तो तोंडावर असताना नामांकित ड्रायव्हरला साहजिकच बंदीपेक्षा दंड परवडतो. त्याच्यासाठी तो खर्च आहे, टोलनाक्यावर पावती फाडल्यासारखा. नवख्याला मात्र तेवढाच दंड महिनाभर पुरतो. दुसऱ्याच्या जिवाशी खेळ झाला असेल तर पैसे घेऊन सोडू नये, गाडीतून उतरवावं. कप असला तरी, किंबहुना कप असताना तर नक्कीच.

तर माझं मागणं साधं आहे. हयगयीला हयगय म्हणा. कुणी पडायची वाट बघू नका. माणसाला समोर बसवा, फिल्म दाखवा, त्याचं ऐका, कारणं लिहा, झेपेल एवढी शिक्षा द्या आणि मग त्याला परत कामावर येऊ द्या. ट्रॅकवर हे संध्याकाळपर्यंत जमतं, तर हापिसात आणि आरटीओत जमायला काय हरकत आहे?

मित्राला अजून पटलेलं नाही. त्याला सांगितलंय, तुझं म्हणणं कारणांसकट लिहून आण, पुढच्या शनिवारी सुनावणी घेऊ. चहा माझ्याकडून :-)